स्वमग्नता: गोळी डब्यात असेल, तर शोधायची कुठे?

कर्वेनगरचे_आजोबा

नमस्कार. माझा नातू आठ वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. मी निवृत्त गणित शिक्षक आहे. गणित अडले की आधी त्यामागचा सिद्धांत वाचायचा, ही माझी जुनी सवय असल्यामुळे गेले वर्षभर या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आहे. त्यातच सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांचा १९८५ सालचा प्रसिद्ध प्रयोग वाचनात आला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्या माघारी अ‍ॅन ती गोटी खोक्यात ठेवते, आणि मग मुलाला विचारतात की सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल. स्वमग्न असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी गोटी खरोखर जिथे होती ती जागा दाखवली. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांचे उत्तर मात्र बरोबर आले. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, प्रसंगी चुकीचीही समजूत असू शकते, हे ओळखणे स्वमग्न मुलांना जड जाते, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला.

मी हाच प्रयोग घरी केला. आजीने लिमलेटची गोळी वाटीखाली झाकून ठेवली आणि ती तुळशीला पाणी घालायला गेली. मी ती गोळी उचलून साखरेच्या डब्यात टाकली आणि नातवाला विचारले, "आजी आली की गोळी कुठे शोधेल?" तो डब्याचे झाकण टेबलावर गरगरा फिरवत होता. ते थांबेपर्यंत त्याने उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "डब्यात." का, असे विचारल्यावर म्हणाला, "गोळी डब्यात आहे." पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच घडले म्हणून मला क्षणभर आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

माझा प्रश्न असा आहे की हे सिद्धांत वाचून मला नातू अधिक कळू लागला आहे, की त्याच्याकडे नीट पाहण्याआधीच मी उत्तर ठरवून मोकळा होतो आहे? ज्यांच्या घरी किंवा कामात हा विषय आहे, त्यांनी अनुभव सांगावेत.

सदाशिव_पेठी

प्रयोगाचा निष्कर्ष काहीही निघो, लिमलेटची गोळी साखरेच्या डब्यात टाकल्याबद्दल आजी काय म्हणाल्या, याचीही नोंद व्हावी.

चाचणी_अभियंता

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. माझे स्वमग्नतेचे निदान वयाच्या ३४व्या वर्षी झाले. आजोबांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी नातवाची बाजू मांडतो.

"कुठे शोधेल" हा प्रश्न मला आजही संदिग्ध वाटतो. पहिल्यांदा हात कुठे घालेल, असे विचारायचे आहे, की शोधता शोधता शेवटी तिला ती कुठे सापडेल, असे? माझ्या कामात अशी संदिग्ध ओळ आली तर मी ती परत पाठवतो. १९९१ मध्ये तीन वर्षांच्या, स्वमग्न नसलेल्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात "आधी कुठे शोधेल" एवढा एक शब्द घातल्याबरोबर पुष्कळ जास्त मुलांची उत्तरे बरोबर आली होती. आपण एका प्रश्नाने मनाची जाण मोजतो आहोत की प्रश्नाच्या भाषेची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. स्वमग्न मुलांचीही भाषेची समज जसजशी वाढते, तसतशी ही चाचणी त्यांना जमू लागते, हे पुढच्या संशोधनात दिसलेले आहे.

आता माझा अनुभव. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी निरोप घेताना "या एकदा घरी" असे म्हटले, म्हणून मी मोबाइलमधले कॅलेंडर उघडून कोणत्या तारखेला येऊ, असे विचारले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला तेव्हा कळले नाही, दुसऱ्या सहकाऱ्याने नंतर सांगितले. मला त्यांचे मन वाचता आले नाही, याची नोंद सगळ्या विभागात झाली. परंतु तारीख विचारणारा माणूस खरोखरच यायला तयार आहे, त्याला यायचे आहे, हे त्यांनाही वाचता आले नाही, आणि त्याची नोंद कुणी केली नाही. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये नेमके हेच मांडले. त्यांनी त्याला 'डबल एम्पथी' म्हटले: दोन वेगळ्या घडणीची माणसे समोरासमोर आली की न कळणे दोन्हीकडून होते, पण दोष एकाच्या खात्यावर पडतो. हा सिद्धांत वाचला त्या रात्री मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

स्पष्टवक्ता_पुणे

राग मानू नये, परंतु हल्ली प्रत्येक स्वभावाला एक इंग्रजी नाव मिळाले आहे. आमच्या वाड्यातही अशी मुले होती. कुणी तंद्रीत असे, कुणी पाढे म्हणत फिरे. ती मोठी झाली, पोस्टात लागली, संसाराला लागली. कपाळावर शिक्का मारला की मूल त्या शिक्क्याएवढेच उरते, असे माझे मत आहे.

निशिगंधा_म

संसाराला लागलेली मुले आपल्याला दिसली. मागच्या खोलीत ठेवलेली मुले वाड्यातही कुणाला दिसत नव्हती.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे आणि ती बोलत नाही. वर चाललेली सॅलीची चर्चा मी वाचली. माझ्या मुलीला तो प्रश्न विचारताच येत नाही, मग तिचे उत्तर चूक की बरोबर, हा मुद्दाच उरत नाही. तरीही सिद्धांतांशी माझी गाठ पडलेली आहे. २०१० मध्ये शहरातील एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिच्याकडे पाहण्याआधी मला विचारले, "तुम्ही नोकरी करता का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मी नोकरी सोडली, आणि ती हललेली मान पुढची चार वर्षे डोळ्यांसमोर घेऊन राहिले. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हे मत अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम यांनी घरोघरी पोचवले होते. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ मध्येच पुस्तक लिहून ते मत खोडून काढले आणि कारण मेंदूच्या घडणीत शोधावे, असे सांगितले. हे सगळे मला फार उशिरा कळले. खोडून काढलेला सिद्धांत ४६ वर्षांनंतरही पुण्याच्या ओपीडीत खुर्ची टाकून बसला होता आणि त्याचे व्याज मी भरत होते.

आता घरातली गोष्ट. आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. तिला तीन कळते. तिसरी शिट्टी झाली की ती येते, माझे मनगट धरते आणि माझा हात गॅसच्या बटणाकडे नेते. एकदा आमची तिसरी शिट्टी झाल्याबरोबर शेजारच्या घरातली शिट्टी वाजली आणि तिच्या हिशेबात ती चौथी ठरली. त्यानंतर पाऊण तास ती उजव्या हाताची मागची बाजू चावत होती. तिथे आता पावलीएवढा घट्टा पडला आहे. ती माझ्याशी बोलत नाही असे लोक म्हणतात, पण तिसऱ्या शिट्टीला माझे मनगट धरणे हे बोलणे नव्हे तर काय आहे? मात्र या घट्ट्यालाही कुणी 'वेगळेपण' म्हणून गौरवू लागले, की मला राग येतो. अभियंता, हे तुम्हाला उद्देशून नाही.

चाचणी_अभियंता

निशिगंधाताई, तसे मला वाटलेही नाही. आपल्या मुलीच्या वतीने मी बोलू शकत नाही, हे मला मान्य आहे. चौथ्या शिट्टीबद्दल मात्र थोडे बोलू शकतो. डिना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ मध्ये 'मोनोट्रोपिझम' नावाची मांडणी केली. माझे आजोळ जुन्नरकडचे असल्यामुळे ती मला पाटाच्या पाण्यासारखी समजली. बहुतेकांच्या लक्षाचे पाणी एका वेळी चार वाफ्यांत वाटले जाते, माझे सगळे पाणी एकाच वाफ्यात जाते. त्या वाफ्यातले पीक जोमदार येते, पण पाणी दुसरीकडे वळवायचे तर आधी बारे, म्हणजे वाफ्याचे तोंड, मोडावे लागते आणि त्याला वेळ लागतो. कुणी ते अचानक फोडले तर पाणी सगळीकडे पसरते. मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणे, मला आतून तसा जाणवतो. हट्ट करताना माणूस समोरच्याकडे पाहत असतो. मेल्टडाउनमध्ये समोर कुणी आहे की नाही, हेही मला कळत नाही.

येरवड्याच्या_बाई

मी महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. स्पष्टवक्ता यांनी शिक्क्याबद्दल लिहिले आहे, त्यावर माझा अनुभव असा.

माझ्या वर्गातील एक मुलगा रोज साधारण अकरा चाळीसला वर्गातून पळत असे. मी त्याला दोन महिने अवखळ समजले, दारापाशी मॉनिटरला उभे केले, पालकांना बोलावले. पुढे एका प्रशिक्षणात एका थेरपिस्ट बाईंनी आवाज, वास आणि स्पर्श यांविषयी सांगितले, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी शिकवणे बाजूला ठेवून अकरा पस्तीसपासून नुसते ऐकत बसले. अकरा चाळीसला पोषण आहाराची पातेली व्हरांड्यात उतरत होती. झाकणे फरशीवर आपटत होती आणि खिचडीच्या फोडणीचा वास वर्गात शिरत होता. बाकी चाळीस मुलांना त्या आवाजाने भूक लागत होती, तो मात्र कान दाबून पळत होता. त्यानंतर मी त्याला रोज अकरा पस्तीसला खडू आणायला कार्यालयात पाठवू लागले. पळणे थांबले. कार्यालयात खडूंचा साठा मात्र फार लवकर संपू लागला.

आता शिक्क्याबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे, त्यांत स्वमग्नता आहे. त्या प्रमाणपत्रावर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. शिक्का नसेल तर शाळा दुसरा शिक्का मारतेच: मठ्ठ, उद्धट, वाया गेलेला. तो कोणत्याही कागदावर नसतो, म्हणून पुसताही येत नाही.

स्पष्टवक्ता_पुणे

बाई, लेखनिकाचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो मान्य. बाकी माझे मत कायम आहे.

सदाशिव_पेठी

'स्वमग्नता' या शब्दाचेही काहीतरी करावे. माझा भाचा या वर्णनात बसतो आणि तो स्वतःत मग्न असलेला मी कधीही पाहिलेला नाही. तो पंख्यात मग्न असतो. त्याला पंखामग्न म्हणावे.

मानसशास्त्र_वाचक

विनोदात तथ्य आहे. ग्रीक भाषेतील 'ऑटोस', म्हणजे स्वतः, यावरून ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास 'ऑटिझम' हा मूळ शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे बाह्य जगापासून तुटणे सांगण्यासाठी. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला आणि मराठीने त्याचे सरळ भाषांतर केले. परिणामी मूल आपखुशीने आत जाऊन बसले आहे आणि हाक मारली की बाहेर येईल, असा भास या शब्दात कायमचा शिरला. निदानाची चौकटही सतत सरकत आली आहे. ज्यांना बोलायला उशीर झालेला नसतो त्यांच्यासाठीचे अ‍ॅस्पर्गर हे वेगळे निदान अमेरिकी निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये आले आणि २०१३ मध्ये ते 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच व्यापक निदानात विलीन झाले.

डबल एम्पथीबद्दल एक भर घालतो. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सांगत न्यायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत आणि सगळे स्वमग्न नसलेल्या साखळीत गोष्ट सारख्याच प्रमाणात टिकली, मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली. यावर पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण २०२५ मध्ये अधिक लोकांना घेऊन हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मिश्र साखळीतील ती गळती दिसली नाही. त्यामुळे अभियंत्यांचा अनुभव खोटा ठरत नाही, परंतु त्या एका प्रयोगावर सगळी इमारत उभारू नये.

निशिगंधा_म

आणि त्या साखळ्यांमध्ये सगळे बोलणारे प्रौढ होते, हेही लिहावे. ज्यांना गोष्ट सांगताच येत नाही, त्यांची साखळी कुणी करत नाही.

मानसशास्त्र_वाचक

मान्य. ही त्रुटी केवळ या प्रयोगाची नाही, बहुतेक संशोधनाची आहे.

ओटी_पुणे

मी १४ वर्षे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणारी, म्हणून काम करत आहे. येरवड्याच्या बाईंनी दोन महिने लागले असे लिहिले आहे, पण मला विद्यार्थीदशेत याहून जास्त वेळ लागला होता. मोठ्या आवाजाची भीती कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातही नोंदलेली आहे. तरीही संवेदनांतील फरक अमेरिकी पुस्तिकेच्या निकषांत यायला २०१३ उजाडावे लागले. आयांना हे रोज दिसत होते, पण निकषात नसल्यामुळे त्या सांगत तेव्हा आम्ही ते लिहून घेत नव्हतो.

आजोबांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की सिद्धांताचा उपयोग कुठे पाहायचे हे कळण्यापुरता असतो. काय दिसेल, हे त्याने आधी सांगू लागू नये. माझ्या व्यवसायालाही हे लागू आहे. झोपाळा, वजनदार जॅकेट, ब्रशने अंग घासणे, यांचा काही मुलांना फरक पडतो, पण सर्वांना पडतोच असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. म्हणून पालकांना मी सांगते की थेरपी सुरू करताना तीन महिन्यांत घरात कोणती एक गोष्ट बदललेली दिसायला हवी, हे वहीत लिहून घ्या. उदाहरणार्थ, केस कापताना दोघांऐवजी एकालाच धरावे लागेल. ती बदलली नाही तर मला विचारा, आणि मी उत्तर टाळले तर दुसरीकडे जा.

निशिगंधाताई, आपली मुलगी १८ वर्षांची झाल्यानंतर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज केला आहे ना? अनेक आईवडील आपण आहोतच असे समजून हे राहू देतात, आणि मग बँकेत अडतात.

निशिगंधा_म

केला आहे. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत तिला बरोबर आणा म्हणाले, नेली, तर तिने साहेबांच्या टेबलावरची घंटी तीनदा वाजवली आणि थांबली. शिपाई तीनदा आला.

सदाशिव_पेठी

अभियंत्यांना एक विनंती. आपण हिंजवडी सोडून आमच्या पेठेत राहायला यावे. इथे कुणीही 'या एकदा घरी' म्हणत नाही. दारावरच्या पाटीवर कोणत्या वेळेत यावे, बेल किती वेळा वाजवावी आणि चपला कुठे काढाव्यात, हे सगळे लिहिलेले असते.

चाचणी_अभियंता

मी हे गमतीने घेतले, पण ते खरेही आहे. पुण्यात मला सर्वांत कमी थकवा पाट्यांच्या गल्लीत येतो. पाटीवर लिहिणाऱ्याच्या मनात जे असते तेच पाटीवर असते. मला थकवणारे काम म्हणजे मास्किंग: समोरच्याच्या भुवयांकडे पाहून डोळ्यांत पाहिल्यासारखे करणे, हसण्याची वेळ मोजणे, हात टेबलाखाली ठेवून बोटे चोळणे. संध्याकाळी घरी आलो की मी अंधारात अर्धा तास जमिनीवर पडून असतो. ते पाहून आई अनेक वर्षे विचारत असे, "कुणाशी भांडलास का?" निदान झाल्यानंतर तिने विचारणे सोडले. आता ती खोलीचे दार ओढून घेते आणि बाहेर आवाजाशिवाय टीव्ही पाहते.

कर्वेनगरचे_आजोबा

सर्वांचे आभार. सदाशिव पेठी यांच्यासाठी नोंद: आजी म्हणाली, "साखरेला लिमलेटचा वास लागला तर चहा तुम्हालाच पाजीन."

अभियंत्यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी प्रश्नात "आधी" हा शब्द घालून प्रयोग पुन्हा करणार होतो, पण ओटी मॅडमचे वाचून तो विचार सोडला आणि नुसते पाहायचे ठरवले. काल संध्याकाळी आजी चष्मा शोधू लागली. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. नातू जमिनीवर बसून बसचे क्रमांक लिहीत होता. मी हळूच विचारले, "आजी आता कुठे जाईल रे?" त्याने वर न पाहता सांगितले, "फ्रिजवर. मग देवघरात. मग तुमच्यावर ओरडेल." मी विचारले, "आणि चष्मा कुठे आहे?" तो म्हणाला, "डोक्यावर." आजी फ्रिजकडे गेली, मग देवघरात गेली, आणि त्यानंतरचेही त्याने सांगितल्याप्रमाणेच झाले.

म्हणजे चष्मा एकीकडे असताना आजी तो दुसरीकडे शोधेल, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग लिमलेटच्या गोळीने मी काय मोजले?

मानसशास्त्र_वाचक

आजोबा, आपल्याला आनंद झाला असणार, तरीही शंका नोंदवतो. आजीच्या मनात चुकीची समजूत आहे, हे त्याने ओळखले असेलच असे नाही. आजी चष्मा शोधते म्हणजे फ्रिज, देवघर, ओरडणे, हा क्रम त्याने शंभर वेळा पाहून पाठ केलेला असू शकतो. सिद्धांताच्या भाषेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाचणी_अभियंता

मी आयुष्यभर तसेच पाठ करत आलो आहे. आजी फ्रिजकडे जाणार, हे तुम्ही कशावरून ओळखले असते, तेही एकदा सांगावे.

मानसशास्त्र_वाचक

विचार करून लिहितो.

कर्वेनगरचे_आजोबा

सावकाश लिहावे. तोवर माझी एक व्यावहारिक अडचण आहे. गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत आणि आमच्या चौकात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला आहे. नातू संध्याकाळी सहानंतर मोरीत दार लावून बसतो. ऑनलाइन मागवलेले आवाजरोधक हेडफोन त्याच्या कानांवर सैल होतात. आठ वर्षांच्या मुलाला बसतील असे, हातात घेऊन पाहता येतील असे पुण्यात कुठे मिळतात, हे कुणाला माहीत असल्यास कळवावे.

येरवड्याच्या_बाई

दुकान आठवून कळवते. तोपर्यंत सैल असलेल्यांच्या आत कापडी कानटोपी घालून पाहा, माझ्या वर्गात ते चालले. आणि सराव किती वाजता थांबतो, ते पथकाला विचारून मोरीच्या दाराला आतून लिहून लावा. त्याला आकडे आवडतात.